भरल्या टोमॅटोचा निर्देशांक

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाही बसलेला नाही. गावच्या पाद्रीबाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "हे मी गप्पांत धरू की पापाच्या कबुलीत?" तरी सांगतो, कारण सगळ्या ग्रीस देशात सर्वांत स्वस्तात घर मिळवलेला परदेशी माणूस तुमच्यासमोर बसला आहे. बावीस वर्षांपूर्वी मला या गावात घर मिळालं ते नुसतं फुकट नव्हे, फुकटाच्याही खाली.

तर फ्लोरिस, तू आधी तो लॅपटॉप मीट. मघापासून बघतोय. तू आणि मार्लूस हॉलंडहून इथवर आलात, समोर एवढा समुद्र पडलाय, आणि तुम्ही दोघं नवराबायको ग्रीसच्या अर्थव्यवस्थेचे आलेख बघताय. घर घेण्याआधी देशाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची म्हणता? घ्या. मीही घेतली होती. अजून डोकं ठणकतं. देस्पिना, या दोघांना कॉफी दे बाई. आणि हे ताट मध्ये सरकवतो, फडकं काढा वरचं. माझ्या बायकोनं, मॉरीननं, सकाळीच भाजलाय. ओट आणि काकवी घातलेला आल्याचा केक, आमच्या यॉर्कशरचा. घ्या, लाजू नका. एके ठिकाणी पोचवायचा होता, पण पोचेल निवांत.

देस्पिनाकडे लक्ष देऊ नका. हा कॅफे तिचा आहे, आणि मी गोष्ट सांगायला लागलो की ती पेले असेच आपटून आपटून घासते.

मी नॉर्मन ओल्डरॉयड. वेकफील्ड शहरात चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. खाटकाचा अंगठा तराजूच्या पारड्यावर किती भार टाकतो, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगत असे. साधारण सव्वा औंस. मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी शहरातल्या तीन खाटकांनी एकत्र जेवण केलं म्हणतात. मला बोलावलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, असा माणूस डोळे मिटून घर घेईल?

मॉरीन घेणार होती. आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला इथं आलो, ऑलिव्हच्या घाण्याच्या वरची खोली भाड्यानं घेतली, आणि तिसऱ्या दिवशी तिला ते घर दिसलं. दोन खोल्या, निळं दार, अंगणात अक्रोडाचं झाड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट खाडी. मॉरीन त्या खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हेच." चाळीस वर्षं तिनं वेकफील्डमध्ये ज्या खिडकीपाशी बटाटे सोलले, त्या खिडकीतून शेजाऱ्याची कचऱ्याची कुंडी दिसायची. मी हे सगळं जाणून होतो. मी काही दगड नाही.

घराची मालकीण स्तामातुला. ही देस्पिनाची आई. तेव्हा शहात्तर वर्षांची, काळे कपडे, काळा रुमाल, आणि नजर अशी की माझ्या खात्यात असती तर खाटकांनी धंदाच सोडला असता. तिनं किंमत सांगितली. तीस हजार युरो. मॉरीननं माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आधी देशाची अर्थव्यवस्था समजून घेतो."

"नॉर्मन," मॉरीन म्हणाली, "आपण घर घेतोय, देश नाही."

"घर देशातच असतं ना?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. पण उत्तर नसताना मॉरीन तारीख देते. घाण्याच्या मालकाला ती खोली ऑलिव्हच्या हंगामात मजुरांसाठी हवी होती. संत दिमित्रीच्या दिवशी, म्हणजे सव्वीस ऑक्टोबरला, आम्हाला ती सोडायची होती. "त्या दिवशी माझ्या हातात त्या स्वयंपाकघराची किल्ली असेल," मॉरीन म्हणाली, "नाहीतर मी डोरीनकडे हॅरोगेटला जाईन. एकटी. परत येणार नाही."

डोरीन म्हणजे तिची बहीण. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात मला वरपासून खालपर्यंत बघून "हे काही शेवटपर्यंत टिकायचं नाही," असं म्हणाली होती ती. तिचं म्हणणं खरं ठरणं मला परवडणारं नव्हतं.

मी कामाला लागलो. बँकांची पाच पत्रकं मागवली, चौकटीचा कागद आणला, पेन्सिलींना टोकं केली. महागाई, बेकारी, आयात, निर्यात. तुझ्या त्या लॅपटॉपमध्ये आहे ते सगळं, फक्त माझ्या हस्ताक्षरात, म्हणजे जास्त सुवाच्य. पण कागदावर विसंबून राहणारा मी नव्हे. मी प्रत्यक्ष पाहणी केली. सकाळी अकरा वाजता याच कॅफेत बसून माणसं मोजली. गावात पुरुष त्रेसष्ट, कॅफेत एकसष्ट. उरलेल्या दोघांपैकी एक आजारी होता आणि दुसरा त्याला आणायला गेला होता. म्हणजे काम कुणीच करत नव्हतं. तरी प्रत्येकाचं घर होतं, प्रत्येकाला ऑलिव्हची झाडं होती, आणि कॉफीचे पैसे कोण देणार यावरून रोज भांडण व्हायचं, कारण प्रत्येकालाच द्यायचे असायचे. मी तीनदा बेरीज केली. जमेना.

मग मी छपरं पाहिली. या गावात निम्म्या घरांच्या छपरांतून लोखंडी सळया वर आलेल्या दिसतील. मी लिहिलं : "बांधकाम अर्धवट, मंदीची स्पष्ट खूण." पण शेजारचा थनासिस खो खो हसला. हा जहाजावर आचारी होता, बारा बंदरांत जेवण रांधलंय म्हणून स्वतःला अर्थतज्ज्ञ समजायचा.

"मंदी कसली साहेब? सळया मुलीसाठी असतात. मुलीचं लग्न ठरलं की वर एक मजला चढवायचा."

"पण तुला तर मुलगी नाही. लग्नही नाही."

"होईल की."

तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. मी चौकटीच्या कागदावरचं 'मंदी' खोडून 'आशावाद' लिहिलं, आणि हा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा ते कळेना म्हणून कागद घडी घालून ठेवला.

घ्या ना, अजून एक तुकडा घ्या. मार्लूस, तू कोपऱ्यातला घे, कोपरे चिवट असतात पण चव तिथंच उतरते.

तर त्याच संध्याकाळी स्तामातुलानं आमच्या खोलीवर भरले टोमॅटो पाठवले. निळ्या कडेचं ताट, त्यात सहा टोमॅटो, तांदूळ, पुदिना, वर बटाटे. आम्ही चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ते ताट घासलं. यॉर्कशरमध्ये दुसऱ्याचं भांडं परत देताना त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे अशी पद्धत आहे; चकचकीत भांडं म्हणजे घराण्याचं प्रशस्तिपत्र. मी ते सोडा लावून घासलं, पुसलं, उन्हात धरून तपासलं, आणि आभाराचं एक कार्ड वर ठेवून स्तामातुलाच्या हातात दिलं.

तिनं ताटात पाहिलं. कार्ड उचलून त्याखाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, इतकं स्वच्छ ताट बाईनं जन्मात पाहिलं नसेल.

त्याच संध्याकाळी घराची किंमत बत्तीस हजार झाली.

मी धावत पत्रकांकडे गेलो. पेट्रोल चढलं होतं! मी नोंद केली. चार दिवसांनी पालक आणि चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी आली. ताट पुन्हा आरशासारखं करून परत. किंमत पस्तीस. पेट्रोल उतरलं होतं. मग मधात बुडवलेली बोंडं आली. या खेपेला मी बारीक वाळूनं घासलं. एकोणचाळीस. मग सशाचं कालवण, एवढं की चौघांना पुरावं. पंचेचाळीस. स्तामातुला प्रत्येक वेळी ताटात बघायची, उसासा टाकायची आणि माझ्या गालावरून हात फिरवायची. बाजारात बायका मॉरीनकडे बघून कुजबुजायच्या. बेकरीवाल्यानं एकदा तिच्या पिशवीत न मागता दोन पाव टाकले आणि पैसे घेईना. मी लिहिलं : "पावाचा भाव शून्यावर, घरांचा आभाळात. कारण अज्ञात."

मी माझा आलेख घेऊन कालामाता शहरात एका बँकेच्या मॅनेजरकडे गेलो. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साहेब, देशात महागाई वर्षाला चार टक्के आहे. तुमच्याकडे पाच आठवड्यांत पन्नास टक्के?"

"तेच विचारायला आलोय."

"कोणत्या गावात राहता म्हणालात?" त्यानं गावाचं नाव लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. "आमच्या दोन शिपायांची तिथं जमीन आहे. आजच सांगतो त्यांना, विकू नका म्हणून."

कचेऱ्यांचं तर विचारूच नका. नोटरीबाईनं घराचा जुना कागद वाचला. उत्तरेला अक्रोड, पूर्वेला थनासिसची भिंत, आणि दक्षिणेला "पानागोसचं गाढव उभं राहतं तिथपर्यंत". गाढव वारून चाळीस वर्षं झाली होती. नोटरीबाई म्हणाल्या, "गाढव हजर करा, नाहीतर जागा दाखवणारे दोन साक्षीदार आणा." साक्षीदार बावीस मिळाले. अकरा म्हणाले गाढवाचं तोंड समुद्राकडे असायचं, अकरा म्हणाले डोंगराकडे. फरक दीड मीटरचा, आणि त्या दीड मीटरात नेमकं मॉरीनचं स्वयंपाकघर! मोजणीदार आला तेव्हा थनासिसला गाढवाच्या जागी उभं केलं. बिचारा सकाळपासून दुपारपर्यंत चार पायांवर, कधी समुद्राकडे तोंड करून, कधी डोंगराकडे. शेवटी त्याची कंबर डोंगराकडेच धरली आणि तशीच राहिली, म्हणून स्वयंपाकघर वाचलं. अजून तो कागद कालामाताला आहे. त्यावर लिहिलंय : "दक्षिण सीमा : थनासिस."

"तेवढं मात्र खरं आहे हो," देस्पिना म्हणते आहे. ऐकलंत ना? साक्षीदार आहे माझ्याकडे.

आता एकवीस ऑक्टोबर उजाडला. पाच दिवस उरले. मॉरीननं पेटी पलंगाखालून ओढून बाहेर काढली. भरली नाही, नुसती उघडून ठेवली. भरलेली पेटी परवडली. उघडी पेटी बघत जेवणं फार कठीण. मी आलेख पुन्हा पसरला, सगळ्या नोंदी तारखेनं लावल्या, आणि एकदम मला दिसलं! फ्लोरिस, शास्त्रज्ञांना असं होत असेल. किंमत पेट्रोलनं चढत नव्हती. ज्या दिवशी स्तामातुलाकडून जेवण यायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चढायची. टोमॅटो, बत्तीस. पोळी, पस्तीस. बोंडं, एकोणचाळीस. मी त्याला नाव दिलं, 'भरल्या टोमॅटोचा निर्देशांक'.

"मॉरीन! ती रांधते म्हणून किंमत चढते!"

"मग?" मॉरीन म्हणाली.

"मग तिनं रांधायचं थांबवलं पाहिजे."

आणि मी टोपी घालून, शिकलेली सगळी ग्रीक वाक्यं पाठ करत, स्तामातुलाच्या दारी गेलो आणि अदबीनं म्हणालो, "बाई, कृपा करा, आम्हाला पुन्हा जेवण पाठवू नका. फार महाग पडतं."

तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग दार लावलं. मग आतून कडी लावली. संध्याकाळी थनासिस वाकलेल्या कंबरेनं निरोप घेऊन आला. "घर विकायचं नाही म्हणे. कुठल्याही किमतीला."

मॉरीन पेटीपाशी गेली. तिनं पेटीत पहिला ब्लाउज ठेवला. मग दुसरा. मी चौतीस वर्षं लोकांची खोटी मापं पकडली. पण त्या खोलीत, घाण्याच्या वासात, बायको एकेक कपडा घडी करून ठेवत होती आणि माझं काय चुकतंय ते मला मोजता येत नव्हतं. पुढचा अख्खा दिवस तसाच गेला.

तेवीस तारखेला सकाळी दारावर टकटक झाली. ही देस्पिना. तेव्हा नुकतं लग्न झालं होतं हिचं, छपरावरच्या सळयांवर मजला चढला होता.

"साहेब," ही म्हणाली, "रागावू नका. तुम्ही फार गरीब आहात का हो?"

"मी? मला पेन्शन आहे!"

"मग ताट रिकामं का पाठवता?"

"रिकामं? मी वाळूनं घासतो ते!"

"अहो, रिकामं ताट परत पाठवतं का कुणी? घरात काही नसलं तरी चार अंजिरं ठेवतात, एक लिंबू ठेवतात. आईला वाटलं, यांच्याकडे ताटात टाकायला लिंबूसुद्धा नाही. म्हणून ती दर वेळी जास्त रांधायची आणि दर वेळी किंमत वाढवायची."

"गरिबाला किंमत वाढवून सांगायची? हे कुठलं अर्थशास्त्र?"

"आई म्हणाली, होतं नव्हतं ते घरात घालतील आणि हिवाळ्यात उपाशी मरतील. किंमत ऐकून घाबरले तर आपल्या गावी परत जातील, तिथं त्यांची माणसं त्यांना जेवायला तरी घालतील."

मी खाली बसलो. उघड्या पेटीवरच बसलो. आणि मॉरीन, मार्लूस, तुला म्हणून सांगतो, मॉरीन इतकी हसली की घाण्याचा मालक काय पडलं ते बघायला वर आला. मग तिनं ब्लाउज बाजूला केले, पेटीच्या तळातून काकवीचा डबा काढला. वेकफील्डहून आणला होता तिनं, मला न सांगता. आणि देस्पिनाला विचारलं, "तुझी भट्टी मोकळी आहे का गं?"

पहिलं ताट गेलं तेवीस तारखेला दुपारी, हाच केक, बारा तुकडे. तासाभरात ताट परत आलं, त्यात बिहीचा मुरंबा. आणि निरोप : घर विकायचं आहे, एकोणचाळीस. मॉरीननं ताटात बटाट्याचे वडे घातले. ताट परत, डाळिंबं, चौतीस. ताटाच्या दिवसाला चार चार फेऱ्या व्हायला लागल्या. कॅफेतल्या पाटीवर थनासिस खडूनं भाव लिहायचा आणि एकसष्ट माणसं टाळ्या वाजवायची. तीस! चोवीस! एकोणीस!

"आता घे," मॉरीन म्हणाली. तिच्या नाकावर पीठ होतं.

"थांब गं. आज एकोणीस आहे, उद्या बारा असेल. बाजार पडत असताना कोणी खरेदी करतं का?"

"नॉर्मन, माझे हात दुखताहेत."

"आलेख बघ, मॉरीन!"

चोवीस तारखेला संध्याकाळी भाव बारा हजार. पंचवीसला सकाळी सात हजार, दुपारी तीन हजार. मी पेन्सिलीनं रेघ पुढे ओढली. ती कागदाच्या खाली जात होती. मी दुसरा कागद चिकटवला. आणि संत दिमित्रीच्या दिवशी, घंटा वाजत असताना, मॉरीननं शेवटचं ताट पाठवलं. त्यात काय होतं ते विचारू नका, मेंढीच्या मांसाची अशी एक डिश, जी यॉर्कशरमध्ये फक्त राजाला किंवा जावयाला करतात. सगळं गाव श्वास रोखून उभं. आणि त्या गर्दीतून स्तामातुला आली, काळ्या रुमालात, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात बटवा. म्हणाली, "किंमत शून्याच्या खाली गेली आहे. आता मीच देणं लागते." तिनं माझ्या हातावर पाचशे युरो मोजले. वर एक शेळी. मी नको नको म्हणत होतो. पण बाजारभावापुढे माणसाचं काय चालतं? शेळी घेतली, पैसे घेतले, किल्ली मॉरीनच्या हातात दिली, नोटरीबाईंनी शिक्का मारला, आणि त्या दिवसापासून निळ्या दाराचं ते घर, अक्रोडासकट, स्वयंपाकघरासकट, माझ्या मालकीचं...

"नॉर्मनकाका!"

देस्पिनानं पेला खाली ठेवला होता. न आपटता.

"मालकीचं? अहो, शेळी कुठली, शिक्का कुठला? आईनं त्या दिवशी काय सांगितलं ते सांगा की या पोरांना. ज्यांच्याशी ताटाची देवाणघेवाण झाली त्यांना घर विकायचं नसतं, नुसतं राहायला द्यायचं असतं! बावीस वर्षं भाड्यानं राहताय तुम्ही आमच्या घरात. महिन्याला एक भरलेलं ताट, पहिल्या तारखेला. आज पहिली तारीख आहे. आई अठ्ठ्याण्णव वर्षांची, दात नाहीत तोंडात, सकाळपासून ओट्यावर बसून केकची वाट बघतेय. आणि जरा खाली बघा, काका. ते निळ्या कडेचं ताट कुणाचं आहे, आणि त्यात आता काय उरलंय?"